भाऊ पगार घेत नाहीत

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे गेल्या महिन्यापर्यंत तरी नव्हतं सांगितलं. गेल्या महिन्यात एका बाईला सांगितलं, फोनवर, अर्धंमुर्धं — आणि आता तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. बसा जरा. मी एकदम मुद्द्यावर येणारा माणूस नाही. मीटिंगमध्येसुद्धा माझी प्रस्तावनाच एवढी लांबायची की लोकांचा चहा गार व्हायचा.

मला सगळे भाऊ म्हणतात. धाराशिव जिल्ह्यात, तेरखेड्याच्या अलीकडं हायवे सोडून आत गेलं की आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. आईबाप ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडं गेले की मागं पोरींचं काय? बरोबर नेल्या तर शाळा सुटते, आणि घरी ठेवायच्या तर कुणाच्या भरवशावर? त्या पोरींसाठी हे वसतिगृह. दोन पत्र्याच्या खोल्यांपासून मी ते उभं केलं. पहिली काही वर्षं मी संस्थेकडून एक रुपया घेतला नाही. हे खरं आहे. या सगळ्यात एवढं एक तरी खरं आहे, म्हणून ते आधी सांगून टाकतो. घर बायकोच्या पगारावर चालायचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. माझ्या चपला तिच्या पैशाच्या, एसटीचं तिकीट तिच्या पैशाचं — आणि त्याग मात्र माझा! तिनं कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच म्हणाली होती, की तुमच्या सत्काराला मला पहिल्या रांगेत बसवतात आणि खण देतात, तेवढा देऊ नका म्हणावं, कपाटात जागा नाही.

सत्कार दरवर्षी व्हायचा. संक्रांतीनंतर आमचं स्नेहसंमेलन. पोरींचे नाच, सरपंचांचं भाषण, शेवटी तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्यानं फुकट दिलेली लांबलचक माळ. सूत्रसंचालनाला गावातल्या हायस्कूलचे गोरे सर. त्यांचा आवाज असा, की माइक नसला तरी तालुक्याच्या वाशीपर्यंत जावा. आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य — "मंडळी, आपले भाऊ पगार घेत नाहीत! एक रुपयासुद्धा नाही!" टाळ्या. पोरीसुद्धा टाळ्या वाजवायच्या, त्यांना पगार म्हणजे काय हे कळत नव्हतं तरी. मी खाली बघायचो. खाली बघायची पण एक पद्धत असते बरं का. मला ती छान जमायची.

मग पुण्याची मंडळी आली. एका मोठ्या कंपनीचा ट्रस्ट. त्यांनी इमारत बांधून दिली, सोलर दिलं, संडास-बाथरूम दिले, आणि मग त्यांचा एक तरुण साहेब माझ्यासमोर बसला आणि त्यानं विचारलं, की उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्या जागी कोण येणार? फुकट कोण येणार? तो म्हणाला, संचालकाला त्या कामाच्या तोलाचा पगार असलाच पाहिजे, नाहीतर ही संस्था तुमच्याबरोबर संपेल. बरोबर बोलला की नाही? मी आजही म्हणतो, शंभर टक्के बरोबर बोलला. पगार ठरला. आकडा सांगू? — लाखाच्या वर. महिन्याला. पुण्याहून थेट माझ्या बँकेत, म्हणजे संस्थेच्या हिशेबात तो दिसायचाच नाही. आमच्या विश्वस्तांपैकी दोघांना माहीत होतं. दोघंही म्हणाले, घ्या हो भाऊ, हक्काचे आहेत.

मी घेतले. आणि नीट ऐका, त्याबद्दल मी माफीबिफी मागायला बसलेलो नाही. सेवा करायची तर उपाशी राहा, असं सांगणारे लोक मला चांगले माहीत आहेत. बहुतेक सगळे पेन्शनीत आहेत. कारखान्याच्या एमडीला पगार चालतो, कॉलेजच्या प्राचार्याला चालतो, आणि शंभर पोरी सांभाळणाऱ्यानं तेवढं झोळी घेऊन हिंडायचं? का म्हणून? पगाराची मला लाज नव्हती. मग मी तो लपवला का?

हेच तर. हेच मला सांगता येत नाही, म्हणून मी इकडं-तिकडं फिरतोय.

पगार सुरू झाला त्या वर्षीचं स्नेहसंमेलन. मी घरून ठरवून निघालो होतो. बायकोला सांगितलं होतं, आज मी बोलणार. गोरे सरांचं ते वाक्य आलं — भाऊ पगार घेत नाहीत! — आणि मी उठलो. खरंच उठलो हो, खुर्चीवरून, माइककडं जायला. त्यांना वाटलं, शाल घ्यायला उठलो. दोघांनी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, टाळ्या पडल्या, फटाक्यांची माळ लागली. त्या आवाजात मी काय बोलणार होतो? बोलता आलं असतं. माळ संपते की. पण तोवर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, आणि मी शाल नीट करून परत बसलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि मग फटाक्यांच्या धुराकडं पाहिलं.

त्यानंतर दरवर्षी बसूनच राहिलो. उठायचंसुद्धा सोडून दिलं.

आणि एकदा लपवायचं म्हटलं की काय काय करावं लागतं! मी गाडी घेतली. नवीकोरी, पांढरी. ती ठेवली कुठं? — सोलापूरला, मेव्हण्याच्या दारात. पुण्याला जायचं तर धाराशिवहून एसटीनं सोलापूर, आणि तिथून पुढं गाडीनं. एसटीत लोक उठून जागा द्यायचे. कंडक्टर म्हणायचा, भाऊ, तुम्ही अजून एसटीनंच? मी हसायचो. मेव्हणा म्हणायचा, दाजी, गाडी तुमची आणि धुतो मी, हा कुठला न्याय? हसा, हसा. मलासुद्धा तेव्हा हसायला यायचं.

आता रुखसानाताईंचं सांगतो. त्यांच्याच पाशी यायचं होतं मला.

रुखसानाताई आमच्या वसतिगृहाच्या वॉर्डन. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी, निलोफर. अगदी सुरुवातीपासून आमच्याकडं. पोरी त्यांना आपा म्हणतात. कुणाला ताप आला, कुणाला पहिल्यांदा पाळी आली, कुणी आईच्या आठवणीनं जेवेना — सगळं आपाकडं. पगार आठ हजार. तो आठ हजारच का होता? पुण्याचे साहेब दरवर्षी विचारायचे, की स्टाफच्या पगाराची काही मागणी आहे का? मी म्हणायचो, नाही, मागणी काही नाही. खोटं नव्हतं ते. मागणी खरंच नव्हती.

कारण एकदा मीटिंगमध्ये स्वयंपाकाच्या सुमनबाईंनी विषय काढला होता. महागाई लई झाली, चार पैसे वाढवा म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत रुखसानाताईच त्यांच्यावर कडाडल्या. "भाऊ फुकट राबत्यात, आन तू पैसे मागतीस व्हय? जराशी तरी लाज बाळग!" सुमनबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पोळ्या लाटायच्या राहिल्यात म्हणून उठून गेल्या. मी माझ्या कपातल्या चहाकडं बघत बसलो. त्यानंतर पगाराचा विषय कुणी काढला नाही, मी संचालक होतो तोवर कधीच नाही.

तुम्ही म्हणाल, हाच तो गुन्हा. नाही हो. हा पण आहे, पण तो नाही. अजून पुढं आहे.

एका उन्हाळ्यात, शाळा सुटून पोरी गावी गेल्या होत्या, तेव्हा रुखसानाताई ऑफिसात आल्या. लातूरच्या एका मोठ्या संस्थेनं त्यांना बोलावलं होतं. पगार दुपटीच्याही वर, राहायला दोन खोल्या, पीएफ. आणि निलोफरला लातूरला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. आई तिथंच राहणार म्हणजे होस्टेलचा खर्च नाही, आणि वाढलेल्या पगारात फी निघत होती. सगळं जुळून आलं होतं. अशी संधी माणसाच्या दारात कितीदा येते?

मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, गेली ही बाई, आता वसतिगृहाचं कसं होणार. आणि त्या म्हणाल्या — ते वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे — "म्या न्हाय म्हणून सांगितलं त्यांला, भाऊ. तुमी इथं फुकट राबताव, आन म्या पैशाच्या मागं पळू व्हय? कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्या सल्ला मागायला आल्या नव्हत्या. पण उठतही नव्हत्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या. आता कळतं, की मी "जा" म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या. आता कशाला — तेव्हाच कळलं होतं. मला एक वाक्य बोलायचं होतं. ताई, मी फुकट राबत नाही, मला पगार आहे, तुम्ही खुशाल जा. एवढंच. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. ना टाळ्या, ना शाल, ना फटाके. कुणी अडवलं होतं मला?

मी म्हणालो, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे चाललंय, ताई."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांना ते कौतुक वाटलं. त्या उठल्या, माझ्या टेबलावरचा रिकामा कप उचलला आणि धुवायला घेऊन गेल्या.

निलोफरचं नर्सिंग झालं नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणालो होतो, मीच म्हणालो होतो. पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरलं, बार्शीला. पोरगी हुशार होती, वसतिगृहात कुणाला लागलं-खुपलं तर पट्टी तीच बांधायची. मी लग्नाला गेलो, आहेर केला, डोक्यावर हात ठेवला. बरं चाललंय तिचं. शिलाई करते, दोन लेकरं आहेत. पण नर्स झाली नाही. आणि ज्या उन्हाळ्यात तिचा प्रवेश हुकला, त्याच उन्हाळ्यात माझ्या मुलीला पुण्याला फिजिओथेरपीला घातलं. फी पगारातून भरली. हे दोन्ही एकाच जून महिन्यात झालं, आणि मला जेवण गोड लागत होतं. विश्वास बसतो?

मग मी निवृत्त झालो. निरोपाला सगळे रडले. गोरे सर थकले होते, पण वाक्य तेच, आवाज तोच. मग रुखसानाताई माइकपाशी आल्या. त्या कधी माइकवर बोलत नसत. म्हणाल्या, भाऊंला पेन्शन न्हाय, फंड न्हाय, म्हातारपणी कुणापुढं हात पसरायचा त्यांनी? म्हणून आमी ठरवलंय. सगळ्यांनी, अगदी सुमनबाईंनीसुद्धा, आपल्या पगारातून दरमहा थोडंथोडं बाजूला काढायचं आणि भाऊंना पाठवायचं, भाऊ आहेत तोवर.

मी नको म्हणालो. दोन्ही हात हलवून म्हणालो, नको, अहो नको, मला गरज नाही! लोकांना ते अजूनच मोठेपण वाटलं. टाळ्या थांबेनात. मी जेवढं खरं बोलायला जायचो तेवढं माझं खोटं वाढायचं, आणि पूर्ण खरं बोलायची काही छाती होईना.

आम्ही पुण्याला राहायला आलो. आमचा फ्लॅट आहे इथं. तेरखेड्याला सांगितलंय, मुलीकडं राहतो. दर एक तारखेला सकाळी फोन वाजायचा, पैसे आल्याचा. मागोमाग रुखसानाताईंचा मेसेज — भाऊ, पाठवलं. वैनींला सलाम सांगा. गोळ्या वेळेवर घ्या. पहिल्या महिन्यात बायकोनं तो मेसेज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, यातला एक रुपया मी या घरात वापरणार नाही. वेगळं खातं काढून तिथं टाकायला लावलं. आणि मला म्हणाली, फोन लावा. मी म्हणालो, लावतो. दर महिन्याला ती म्हणायची, लावा. मी म्हणायचो, लावतो. आणि मग मेसेजला उत्तर पाठवायचो — मिळाले. सुखी राहा.

माझ्या जागी संस्थेत एक तरुण बाई आल्या. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना स्वतःचा पगार सांगून टाकला. आकड्यासकट. रुखसानाताईंनी त्याच दिवशी मला फोन केला होता. म्हणाल्या, नव्या मॅडम पगार घेत्यात, भाऊ. त्या काय तुमच्यावानी न्हाईत. आणि मी — हे सांगतानासुद्धा कान तापतात — मी म्हणालो, काळ बदलला, ताई. म्हणजे मी त्या पोरीला बोल लागू दिला, जी पहिल्या दिवशी माझ्यापेक्षा जास्त खरं बोलली.

आणि मग काय झालं माहीत आहे? मॅडम पगार घेतात म्हटल्यावर बायकांना तोंड फुटलं. त्या घेतात तर आपण का मागू नये? सुमनबाईंनीच पुन्हा विषय काढला म्हणे. आणि या खेपेला त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. मॅडमनी पुण्याला लिहिलं, पुण्यानं लगेच हो म्हटलं. सगळ्यांचे पगार वाढले. इतकी वर्षं ते तिकडं तयारच बसले होते हो! कुणी मागायचाच अवकाश होता.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला फोन वाजला. मी बाल्कनीत चहा घेत होतो. नेहमीपेक्षा जास्त पैसे आले होते. मागोमाग मेसेज — भाऊ, आमचा पगार वाढला, म्हणून तुमचं बी वाढवलं.

मी कप खाली ठेवला. बायको आतून आली. तिनं मेसेज वाचला. या वेळी ती लावा म्हणाली नाही. तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडून पोरींचा कालवा ऐकू येत होता, ताटांचा आवाज. शाळेआधीच्या जेवणाची गडबड. मी म्हणालो, ताई, मला पगार होता. पुण्याहून यायचा. तुमच्यापासून लपवला. आकडा सांगितला. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी भलतंच बोललो असतो.

मग त्यांनी एकच विचारलं.

"लातूरच्या आदी का नंतर, भाऊ?"

मी म्हणालो, आधी.

"बरं," त्या म्हणाल्या. "पोरींला वाढायचंय." आणि फोन ठेवला.

वेगळ्या खात्यातले सगळे पैसे मी त्याच दिवशी परत पाठवले. ते सोपं होतं, अंगठ्याचं काम. ताईंना सगळं सांगून टाकलं, हे त्या दोन्ही विश्वस्तांना कळवलं, नव्या मॅडमनाही कळवलं. त्यानंतर तेरखेड्याहून मला कुणाचा फोन आलेला नाही. मीही केला नाही. गाडी आता इथं खाली पार्किंगमध्ये असते.

परवा एक तारीख झाली. सकाळी चहा झाला, पेपर झाला, आंघोळ झाली. फोन वाजला नाही. वाजायला नकोच होता. पण मी दिवसभर तो खिशात घेऊन हिंडत होतो, आंघोळीला जाताना बाहेर स्टुलावर ठेवला होता, आवाज मोठा करून.